तिळवणीची पट्टी

भाद्रपद अर्धा सरला की माझ्या घरामागे, नळाच्या पलीकडे, तिळवण फुलते. मी ती लावत नाही आणि काढतही नाही. नोकरीसाठी हिंगणघाटला आले, भाड्याची तीन घरं बदलली, आणि तिन्ही घरांच्या मागे ती मला भेटली. हातभर उंची, चिकट अंग, चार पाकळ्यांची पिवळी फुलं आणि वर रोखलेल्या बारीक शेंगा. पान चुरडलं की मोहरीसारखा झणका येतो आणि त्याच्या मागून घामट वास. हात साबणाने दोनदा धुतले तरी जेवताना तो वास पुन्हा येतो. बाकी वर्षभर मी बरी असते. ज्युनियर कॉलेजात मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवते, भाजीवाल्याशी घासाघीस करते, हसतेसुद्धा. हे तीन आठवडे मात्र कसेबसे ढकलते.

आज सकाळी माय मागच्या पायरीवर बसली होती. माय म्हणजे माझी आई, सुभद्रा. आता सत्तरीला टेकली आहे. तिने तिळवणीकडे बोट केलं आणि रोजचा प्रश्न विचारला, हे ठेवू का काढू? मला कॉलेजची घाई होती. मी उत्तर न देता चपला घातल्या आणि निघाले. दिवसभर फळ्यावर काय लिहिलं ते देवाला ठाऊक.

या झाडाचं कौतुक कुणी केलेलं मी ऐकलं नाही. केळझरच्या गणपतीला दुर्वा लागतात, शमी लागते. हिला कुणी विचारत नाही. बाया हिची फुलं केसात माळत नाहीत. गुरंही हुंगून पुढे जातात. पुस्तकात ती मोहरीच्या शेजारच्या घरातली म्हणून लिहिलेली असते, आणि खरंच, शेंगा फुटून बी हातावर आलं तर घाईत कुणीही मोहरीच म्हणेल. पण मोहरी डब्यात जाते आणि ही धुऱ्यावर सुकते. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. लहानपणी पावसाळाभर मी हिला तिथेच पाहिलं, मुळं वर करून पडलेली.

कारण माय निंदणारी होती. आंजीत, आमच्या गावात, लोकांच्या वावरात पऱ्हाटीतलं, म्हणजे कपाशीतलं, आणि तुरीतलं तण काढायला जायची. वडील इथेच हिंगणघाटच्या गिरणीत होते, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे. निंदणाला दहा-बारा बाया ओळीने बसतात, आणि प्रत्येकीच्या वाट्याला जो पट्टा येतो त्याला पात म्हणतात. पहिली पात जिच्याकडे, तिच्या चालीने बाकीच्यांनी चालायचं. आंजीत पहिली पात मायची, हे ठरलेलं होतं. त्यावरून कुणी कधी तोंड वाकडं केलेलं मला आठवत नाही.

तिचे हात मी तासन्‌तास पाहिलेत. नुसती दोन पानं जमिनीवर आली असली तरी तिला कळायचं हा केना, हे कुंजरू, ही दुधी, आणि हे पऱ्हाटीचं पोर, याला धक्का लावायचा नाही. बोटं डोळ्यांच्या आधी पोचायची. तिळवणीसाठी तिची वेगळी पकड होती. अंगठा आणि दोन बोटं अगदी मातीला टेकवून धरायची, अर्धा पिळा द्यायचा, की झाड मुळासकट हातात. तुटून मागे राहिलेली तिळवण ती दुसऱ्या बाईच्या पातीतही सहन करायची नाही. तिथे जाऊन बसायची आणि मूळ शोधून काढायची. संध्याकाळी तिच्या बोटांना तोच मोहरीचा झणका असायचा आणि त्याच हाताने ती भाकरी थापायची. मला तो वास भाकरीचाच वाटायचा.

मी शिकले. गावात शिकले, मग वर्ध्याला, आणि सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा नागपूरला एम.एस्सी.ला गेले. आमच्या घरातून तोवर कुणी नागपूरला गेलं होतं ते बाजाराला नाहीतर दीक्षाभूमीला. पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहाराबाहेर माय बायांना सांगायची की आमची शांता झाडाझुडपांची मोठी परीक्षा देऊन राह्यली. बाया विचारायच्या, झाडांची काय परीक्षा असते? तिलाही ते नीट सांगता यायचं नाही. पण सांगताना तिची मान ताठ असायची, आणि मला पलीकडे उभं राहून कुठे पाहावं ते कळायचं नाही.

नागपूरला आमचे सर साधे होते, हळू बोलायचे. एकदा त्यांनी मला बोलावून विषय दिला. काही गावांत मोहरी नसली की गरिबाघरी तिळवणीच्या बियांची फोडणी देतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांचं म्हणणं असं की जे झाड पाणी मागत नाही, खत मागत नाही, तुडवलं तरी येतं, ते एकदा रीतसर पेरून तर पाहू. किती शेंगा धरतात, किती बी येतं, बियात तेल किती. मी हरखून गेले. हातात लाडू दिल्यासारखी ती वही घेऊन वसतिगृहावर आले. आपल्या धुऱ्यावरचं झाड पुस्तकात जाणार, आणि तेही माझ्या हाताने!

पहिल्या वर्षी काही उगवलं नाही. रस्त्याकडेच्या झाडांचं ताजं बी गोळा केलं, कुंड्यांत पेरलं, पाणी घातलं, आणि कुंड्या तशाच राहिल्या. रानात न सांगता येणारं झाड सांगून येईना. उरलेलं बी मी फडक्याच्या पुरचुंडीत बांधून दिवाळीला घरी आणलं. मायने विचारलं, हे काय? आणि मी म्हणाले, मोहरी.

हा शब्द मी का उच्चारला ते मला तेव्हाही माहीत होतं. निंदणाऱ्या बाईच्या पोरीने तण पेरायला नागपूरला जाऊन शिकायचं, हे मला तिच्यासमोर बोलवेना. पहिल्या पातीवर बसून ती हे बायांना सांगेल आणि वावरभर हसू पिकेल, या विचारानेच माझे कान तापले. त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. मला तिच्या कामाची लाज वाटायची. वसतिगृहात मी आई काय करते म्हटल्यावर "शेती" म्हणायचे. तिळवण म्हटलं असतं तर ते दोन्ही एकत्र आलं असतं, तिचं काम आणि माझं शिक्षण, एकाच झाडात.

मायने पुरचुंडी सोडून पाहिली नाही. कॉलेजची वस्तू म्हणून तिने ती चुलीवरच्या खुंटीला टांगली, ओल लागू नये म्हणून. आठ महिने ती पुरचुंडी धुरात आणि धगीत लटकत राहिली. मृगाच्या आधी माय देवरावजींकडे गेली. त्यांच्या वावरात तिने किती वर्षं निंदलं होतं त्याची मोजदाद नाही. पोरीच्या परीक्षेसाठी धुऱ्यालगतची एक पट्टी मागितली आणि त्यांनी दिली. मला मात्र ती म्हणाली की मोहरी तर थंडीत पेरतात, पावसात कुजेल ती. मी म्हटलं ही नवी जात आहे, कॉलेजची. कॉलेजचं नाव निघालं की ती गप्प बसायची. या वेळीही बसली.

सरांनी सांगितलं होतं, ओळीत पेरू नका, रानात पडतं तसं विखरून टाका. मी तसंच टाकलं, पुरचुंडी झटकून शेवटचा दाणासुद्धा. मूठभर बी बाजूला ठेवायचं, हे कुठल्याही शेतकरणीला सांगावं लागत नाही. मी शिकलेली होते, मला ते सुचलं नाही. आणि काय सांगू, सगळं उगवलं. पट्टी हिरवी गच्च झाली. सरांना कळवलं तेव्हा ते म्हणाले की बी बरेच दिवस कोरड्या उबेत राहिलं म्हणून जागं झालं असावं. म्हणजे माझा प्रयोग मायच्या चुलीने उगवून दिला होता. हे मी वहीत लिहिलं, तिला सांगितलं नाही.

त्या आषाढात मायची टोळी गावाच्या दुसऱ्या टोकाला कामावर होती. मी दर रविवारी येऊन मोजमाप करून जायचे. श्रावणात प्रॅक्टिकलच्या परीक्षा आल्या आणि तीन रविवार चुकले. झाडं वीतभर झाली होती, कळ्या दिसू लागल्या होत्या. परत येताना मी नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून लाल, हिरव्या, निळ्या लोकरीचे गुंडे घेतले. निवडलेल्या झाडांना खुणेचे धागे बांधायचे होते, लाल पहिल्या फुलाचे, हिरवे पहिल्या शेंगेचे, निळे पिकल्या शेंगेचे. वर्ध्याहून एस.टी.त मी ते मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, स्वेटर का? मी हो म्हणाले. खोटं बोलायची मला सवयच लागली होती.

घरी न जाता मी आधी वावरात गेले. पट्टी साफ होती. काळी, भुसभुशीत, एक काडी नाही, आणि तिच्यात दोन-दोन पानांची कोवळी रोपं सुतासारख्या सरळ ओळीत. ती मोहरी होती. खरी, फोडणीची. धुऱ्यावर ढीग होता. तिळवणीची सगळी झाडं मुळं एका बाजूला करून रचलेली, मायच्या हातची. वरची वाळली होती. मधल्या थरातल्या दोन-चार कळ्या उपटल्यानंतरही उमलल्या होत्या, पिवळ्या. मी खाली बसले आणि तशीच बसून राहिले.

संध्याकाळी माय कामावरून परस्पर तिकडेच आली. मी आल्याचं तिला कुणीतरी सांगितलं असावं. ती हसत होती, थोडी ओशाळून. रोजी सुटल्यावर चार दिवस ती एकटी तिथे निंदत होती. ती माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तुही मोहरी सारी कुजली होती व. तिळवनच तिळवन होती. म्या निंदून काढली अन्‌ घरची मोहरी टाकली. तुह्या सराले नको सांगजो."

माझं वर्ष गेलं होतं. एकही बी उरलं नव्हतं. पण मी जे बोलले ते त्या वर्षापेक्षा मोठं निघालं. मी म्हणाले, "तिळवनच पेरली होती म्या. ज्याले तू जन्मभर तण म्हणून उपटून राह्यली, त्याच्यावर मोठे लोकं अभ्यास करून राह्यले. तुले काय समजते?"

मायने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे. पदराला हात पुसले. मग एवढंच विचारलं, "मंग तू मोहरी काऊन म्हणली?"

उत्तर माझ्या तोंडात होतं आणि मी ते गिळलं. लोकरीची पिशवी उचलून घराकडे चालू लागले, आणि ती मागून येते आहे की नाही हेही वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पाहिलं तर ती पट्टीवर होती. ढिगातली त्यातल्या त्यात हिरवी झाडं वेचून ती परत मातीत लावत होती. खड्डा करायची, मूळ आत ठेवायची, माती दाबायची, लोट्याने पाणी घालायची. आपल्या ओळीतली मोहरी तिने स्वतःच तुडवली होती. उपटलेली तिळवण पुन्हा लागत नाही, हे आंजीत तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी ती लावत होती. दुपारी ती सगळी आडवी पडली. मी त्याच दुपारच्या गाडीने नागपूरला गेले.

माझं काय गेलं, ते सांगते. एक वर्ष गेलं. सर रागावलेसुद्धा नाहीत. त्यांनी दुसरा विषय दिला, खोलीत बसून करण्यासारखा, वाळलेल्या पानांचा. मी पास झाले, नोकरीला लागले. काही वर्षांनी सर भेटले तेव्हा मीच तिळवणीचं काढलं. ते हसले. नंतर त्यांनी दुसऱ्या एका मुलाकडून ते काम करून घेतलं होतं. शेंगा एकदम पिकत नाहीत, पिकल्या की तडकून बी सांडतं, आणि जे हाती लागतं त्यात तेलाचा मेळ बसत नाही. "तणच ते, बाई," सर म्हणाले, "उगीच मागे लागलो." चहा पिऊन आम्ही आपापल्या वाटेने गेलो.

मायचं काय गेलं ते मला गिरजाबाईने सांगितलं. गिरजाबाई आमची शेजारीण, मायच्या मागची दुसरी पात तिची. त्याच पावसाळ्यात, माझ्या भांडणानंतर आठवड्याभराने, पऱ्हाटीत निंदताना माय थांबली. समोर तिळवण होती. मायने गिरजाबाईला विचारलं, हे ठेवू का काढू? गिरजाबाईला वाटलं थट्टा करते. बाया हसल्या. माय हसली नाही. पुढच्या तिळवणीपाशी तिने पुन्हा विचारलं. मग केन्यापाशी विचारलं. पहिली पात थांबली की सगळ्या पाती थांबतात. असं आठ-दहा दिवस चाललं. देवरावजींच्या वावरात तिने ओळीच्या ओळी तिळवण उभी सोडली तेव्हा ते धुऱ्यावरूनच ओरडले. एवढ्या वर्षांत तिला कुणी ओरडलं नव्हतं.

पहिली पात गिरजाबाईकडे गेली. पुढच्या साली माय शेवटच्या पातीवर होती, आणि त्याच्या पुढच्या साली निंदणाला तिला बोलावणंच आलं नाही. कापूस वेचायला मात्र ती जायची. वेचणीत ठरवायचं काही नसतं, पांढरं दिसलं की घ्यायचं. गिरजाबाई मला म्हणाली की तुझ्या मायला दृष्ट लागली, उतरवून टाक. मी मान हलवली. दृष्ट कुणाची, हे मी तिला सांगितलं नाही.

वडील गेल्यावर मी मायला इथे घेऊन आले. तेव्हापासून अंगणात जे उगवतं त्याच्यापाशी ती बसते आणि विचारते. कोथिंबिरीच्या वाफ्यात हराळी आली तरी विचारते. माझ्याकडे येणाऱ्या बाया समजतात वयामुळे विसरते. ती काही विसरत नाही. आंजीच्या प्रत्येक वावराच्या मालकाचं नाव, गिरजाबाईच्या नातवंडांची नावं, मला कुठल्या वर्गात गोवर आला होता, सगळं तिला पाठ आहे. माझी लोकरसुद्धा तिने टाकली नव्हती. परवा तिच्या पेटीत ते तीन गुंडे सापडले, कागदात गुंडाळलेले, जसेच्या तसे. फक्त मातीतून वर आलेल्या दोन पानांकडे पाहून पूर्वी तिला जे कळायचं, ते आता कळत नाही. कळत असेल, पण त्यावर तिचा विश्वास नाही. तो मी एका वाक्यात काढून घेतला, मुळासकट, अर्धा पिळा देऊन. इतकी वर्षं मी तिला "काढ" म्हणते नाहीतर "ठेव" म्हणते, कधी वैतागून म्हणते, आणि माझा शब्द येईपर्यंत तिचा हात मांडीवर पडून राहतो.

आज कॉलेजातून आले तेव्हा ती अजून पायरीवर होती. ऊन उतरलं होतं. मी चपला काढल्या, तिच्या शेजारी बसले आणि बोलायला लागले. आंजीच्या धुऱ्यावर गिळलेलं उत्तर दिलं. म्हटलं, "माय, मले लाज वाटली होती. तुह्या कामाची. म्हणून मोहरी म्हणली म्या." ती समोरच पाहत म्हणाली, "मालूम हाये मले." केव्हापासून, ते मी विचारलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही.

मग घाईघाईने मी उरलेलंही सांगितलं. सर काय म्हणाले, त्यात तेल नव्हतं, कामाचं काही नव्हतं, ते तणच होतं, तू उपटलं ते बरोबर उपटलं, तुझी नजर बरोबर होती आणि आमची चुकली. मला वाटत होतं की आता काहीतरी सुटेल, तिच्यात नाहीतर माझ्यात. इतकी वर्षं मी हे नुसतं साठवून ठेवलं होतं, आणि ते सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

माय उठली. नळापाशी जाऊन तिळवणीसमोर उकिडवी बसली, निंदायला बसायची तशी. तिचा हात पुढे गेला. अंगठा आणि दोन बोटं अगदी मातीला टेकून झाडाच्या मानेपाशी बसली. तीच पकड, इतक्या वर्षांनी, जराही न चुकता. नुसता अर्धा पिळा उरला होता. मनात मी म्हणत होते, उपट, माय, उपट एकदाची.

तिची बोटं हळूहळू सैल झाली.

"राहू दे," ती म्हणाली. "कोणाचं पेरलेलं असन."

आणि ती चिकट झालेली बोटं पदराला पुसत तिथेच बसून राहिली.